रेणूंची त्रिमितीय संरचना आणि संरूपण

रेणूमध्ये कोणते अणू किती आहेत हे रेणुसूत्रावरून समजते आणि ते एकमेकांस कोणत्या क्रमाने जोडलेले आहेत हे संरचना सूत्रावरून कळते. तथापि कागदावर काढलेले सूत्र सपाट असते. रेणू तसा नसतो. अणूंची अवकाशातील परस्परसापेक्ष स्थाने, त्यांच्यामधील अंतरे व बंधांमधील कोन यांवरून रेणूची त्रिमितीय संरचना ठरते. ही संरचना साध्या सूक्ष्मदर्शकातून, कितीही विवर्धन केले तरी, दिसू शकत नाही. रेणूतील बंधांची लांबी सामान्यतः १ ते ३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे एक सेंमी.चा दहा कोटीवा भाग) असते, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सु. ४,००० ते ७,५०० अँगस्ट्रॉम असते. त्यामुळे रेणूचा आकार अप्रत्यक्ष पुराव्यांवरून अनुमानाने ठरवावा लागतो. हे पुरावे अनेक प्रकारचे आहेत व त्यांपैकी कोणताही एकटा पुरेसा नाही. एका पद्धतीला जे दिसते ते दुसरीला दिसत नाही, म्हणून एकाच रेणूकडे अनेक बाजूंनी पाहावे लागते.

विन्यास व संरूपण : त्रिमितीय संरचनेच्या या दोन बाजूंची गल्लत होण्याचा संभव असतो. बंध तोडून ते नव्याने जोडल्याशिवाय जी मांडणी बदलता येत नाही तिला विन्यास म्हणतात. उजव्या हाताचा मोजा उलटापालटा केल्याशिवाय डाव्या हातात नीट बसत नाही, तसाच हा प्रकार आहे. याउलट एकेरी बंधाभोवती रेणूचे भाग फिरल्याने जी निरनिराळी रूपे प्राप्त होतात त्यांना संरूपणे म्हणतात. बसलेला व उभा राहिलेला मनुष्य एकच असतो, फक्त त्याची ठेवण बदललेली असते. एथेनाच्या रेणूतील दोन कार्बन अणूंमधील बंधाभोवतीचे परिभ्रमण पूर्वी अगदी मुक्त समजले जाई. परंतु त्यास सु. ३ किलोकॅलरी प्रतिमोल एवढा अडथळा असतो, असे १९३६ च्या सुमारास आढळून आले. हा अडथळा लहान असल्याने सामान्य तापमानास एथेनाची संरूपणे क्षणोक्षणी बदलत असतात. मोठ्या रेणूंत मात्र काही संरूपणे इतरांपेक्षा पुष्कळच स्थिर असतात व रेणूचे गुणधर्म त्यांवर अवलंबून राहतात.

उदाहरणादाखल सुक्रोज : रेणूचा आकार ठरविण्याच्या पद्धती समजण्यासाठी नेहमीच्या साखरेच्या, म्हणजे सुक्रोजाच्या, रेणूचे उदाहरण सोयीचे आहे. या रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन व ११ ऑक्सिजन असे एकूण ४५ अणू असतात. त्याची संरचना समजण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली व त्या काळात उदयास आलेली प्रत्येक महत्त्वाची पद्धत त्याला लावून पाहण्यात आली. शिवाय तिच्यातील सर्वांत जुनी पद्धत महाराष्ट्रात आजही रोज वापरली जाते. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुका हा मूळचा अवर्षणप्रवण व ज्वारी पिकविणारा प्रदेश. याच तालुक्यातील उजनी येथे भीमा नदीवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर या भागात उसाची लागवड वाढली आणि तालुक्यातील पिंपळनेर येथे विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अशा कोणत्याही कारखान्याच्या प्रयोगशाळेत गळीत हंगामात दिवसरात्र उसाच्या रसाचा ‘पोल’ काढला जात असतो. पोल हा आकडा साखरेच्या रेणूच्या त्रिमितीय असममितीचेच मापन होय. मात्र तो मांडणाऱ्याला त्याची जाणीव असतेच असे नाही.

ध्रुवणमिती : प्रकाशतरंगांची कंपने एकाच प्रतलात मर्यादित केली म्हणजे ध्रुवित प्रकाश मिळतो. असा प्रकाश काही पदार्थांतून जाताना त्याचे कंपन प्रतल डावीकडे किंवा उजवीकडे वळते. झां बातीस्त ब्यो या फ्रेंच भौतिकीविज्ञांना १८१५ मध्ये हा गुणधर्म टर्पेंटाइनासारख्या द्रवांत व साखरेच्या विद्रावातही आढळला. क्वॉर्ट्‌झाच्या स्फटिकात तो आधीच माहीत होता. परंतु क्वॉर्ट्‌झ वितळला की तो नाहीसा होतो, म्हणून तेथे तो अणूंच्या स्फटिकी रचनेमुळे आलेला असतो. विद्रावात स्फटिक उरलेलाच नसतो. तेव्हा साखरेच्या बाबतीत प्रकाशाचे वलन घडवून आणणारा रेणू स्वतःच असला पाहिजे, हा ब्यो यांचा निष्कर्ष रेणूच्या आकाराविषयीचा पहिला पुरावा म्हणता येईल.

लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक अम्लाच्या एका निष्क्रिय प्रकाराच्या सोडियम अमोनियम लवणाचे स्फटिक भिंगाखाली पाहिले, तेव्हा त्यांत एकमेकांच्या आरसा प्रतिमा असलेले दोन प्रकार त्यांना दिसले. त्यांनी चिमट्याने ते वेचून वेगळे केले व त्यांचे निरनिराळे विद्राव बनविले. एकाने प्रकाश उजवीकडे वळविला, तर दुसऱ्याने तेवढाच डावीकडे. पुढे १८७४ मध्ये याकोबुस हेंड्रिकुस व्हांट हॉफ व झोझेफ आशील ल बेल यांनी स्वतंत्रपणे याचे स्पष्टीकरण दिले. कार्बनाच्या चार संयुजा सपाट चौकोनाच्या नव्हे, तर चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे वळलेल्या असतात व त्यांच्यामधील कोन सु. १०९.५° असतो, अशा कार्बनाला चार भिन्न गट जोडलेले असले म्हणजे त्याच्या दोन आरसा प्रतिमा संभवतात. तत्कालीन काही मातबर रसायनशास्त्रज्ञांनी या कल्पनेची थट्टा केली होती.

साखर कारखान्यात या गुणधर्माचा उपयोग पुढीलप्रमाणे करतात. सुक्रोजाचे विशिष्ट वलन +६६.५° आहे. शुद्ध सुक्रोजाचे २६ ग्रॅ. वजन १०० मिलि. विद्रावात घेऊन तो २० सेंमी. लांबीच्या नळीत भरला, तर सोडियमाच्या पिवळ्या प्रकाशाचे प्रतल सु. ३४.६° वळते, या वलनास आंतरराष्ट्रीय शर्करामापप्रमाणावर १०० धरतात. त्यावरून उसाचा रस, चिपाड, गाळणीवरील गाळ व अंतिम मळी या प्रत्येकातील साखर काढून, मोळीबरोबर आत आलेली साखर कोठे व किती गेली याचा हिशेब ठेवला जातो. रसातील एकूण विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण म्हणजे ब्रिक्स. पोल व ब्रिक्स यांच्या गुणोत्तरावरून रसाची शुद्धता ठरते. केंद्र शासन ठरवीत असलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी निगडित असल्याने या आकड्यांना शेतकऱ्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

परंतु पोल म्हणजे सुक्रोज नव्हे. ऊस तोडून उन्हात पडून राहिला की रसातील सुक्रोजाचे जलीय विच्छेदन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज समप्रमाणात तयार होतात. ग्लुकोजाचे विशिष्ट वलन सु. +५२.७°, तर फ्रुक्टोजाचे सु. −९२° आहे, म्हणून त्यांच्या मिश्रणाचे वलन सु. −२०°, म्हणजे उलट दिशेस असते. शंभर भाग सुक्रोजापैकी पाच भागांचे असे विच्छेदन झाले, तर उरलेले सुक्रोज ९५ भाग असते. पण पोल मात्र सु. ९३.४ च दिसतो. याच्या उलटही घडते. शिळ्या उसात वाढणारे काही जंतू सुक्रोजापासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्याचे उजवे वलन सुक्रोजाच्या सु. तिप्पट असल्याने साखर नष्ट होत असताना पोल फुगलेला दिसतो. यांपैकी पहिला दोष क्लर्जे यांच्या पद्धतीने दूर करता येतो. तीत विच्छेदनापूर्वी व विच्छेदनानंतर अशी दोन मापने घेतात. तात्पर्य, वलनाचा आकडा रेणू असममित आहे एवढे निश्चित सांगतो. ती असममिती रेणूत कोठे व कशी आहे हे तो सांगत नाही.

रासायनिक पुरावा : ग्लुकोजाच्या साखळीत चार असममित कार्बन अणू असल्याने त्याच्या सूत्राचे १६ समघटक संभवतात. त्यांतील ग्लुकोज कोणता, हे एमील फिशर यांनी १८९१ मध्ये केवळ परीक्षानळीतील विक्रियांवरून ठरविले. त्यांच्या युक्तिवादाचा एक दुवा असा : ग्लुकोज, मॅनोज व फ्रुक्टोज यांवर फिनिल हायड्रॅझिनाची विक्रिया केली असता तिन्हींपासून एकच ओसाझोन मिळते. या विक्रियेत पहिल्या दोन कार्बनांवरील भेद नाहीसा होतो, तेव्हा तिसऱ्या कार्बनापासून पुढचा विन्यास तिन्ही शर्करांत एकच असला पाहिजे. अशा एकेक दुव्याने त्यांनी चौदा शक्यता बाद केल्या. शेवटी दोन उरल्या व त्या एकमेकींच्या आरसा प्रतिमा होत्या. त्यांच्यात निवड करण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. फिशर यांनी सोय म्हणून एक निवडली. म्हणजे पुढील साठ वर्षे सर्व शर्करांची, तसेच त्यांच्याशी संबंध जोडलेल्या ॲमिनो अम्लांची चित्रे निम्म्या संभाव्यतेने उलटी असण्याची शक्यता होती, आणि रसायनशास्त्रज्ञ हे पूर्णपणे जाणून होते.

वॉल्टर नॉर्मन हॉवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० नंतरच्या दशकात सुक्रोजातील वलयांचे आकार निश्चित केले. सुक्रोजातील सर्व मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांना मिथिल गट जोडून नंतर रेणूचे विच्छेदन केले, तर ज्या ऑक्सिजन अणूंना मिथिल गट लागलेला नाही ते मूळ रेणूत वलयात किंवा जोडणीत गुंतलेले होते असे ठरते. यावरून ग्लुकोजाचे वलय सहा अणूंचे व फ्रुक्टोजाचे पाच अणूंचे आहे असे दिसून आले. जोडणीची दिशा ठरविण्यास एंझाइमांची मदत झाली, कारण आल्फा व बीटा प्रकारच्या जोडण्या तोडणारी एंझाइमे वेगवेगळी असतात. एवढे झाले तरी दोन वलये एकमेकांशी कोणता कोन करून उभी असतात याविषयी, म्हणजे संरूपणाविषयी, रासायनिक पुरावा मुकाच राहिला.

क्ष-किरण विवर्तन : स्फटिकात रेणू ठराविक अंतरांनी पुनःपुन्हा मांडलेले असतात व ही अंतरे क्ष-किरणांच्या तरंगलांबीच्या जवळपासची असतात. त्यामुळे स्फटिकातून जाताना क्ष-किरणांचे विवर्तन होते, असे माक्स फोन लौए यांच्या सूचनेवरून १९१२ मध्ये केलेल्या प्रयोगात आढळले. पुढील वर्षी विल्यम हेन्री ब्रॅग व विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी मीठ व हिरा यांच्या संरचना ठरविल्या. स्फटिकातील क्रमागत पातळ्यांवरून परावर्तित होणाऱ्या तरंगांच्या मार्गांतील फरक तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल, तेव्हाच त्यांचे एकमेकांस साहाय्य होऊन तीव्र किरण बाहेर पडतो, हा त्यांचा नियम. तांब्याच्या लक्ष्यापासून मिळणाऱ्या नेहमीच्या क्ष-किरणांची तरंगलांबी सु. १.५४ अँगस्ट्रॉम आहे आणि हिऱ्यातील दोन कार्बन अणूंमधील अंतरही तेवढेच आहे. हा केवळ योगायोग असला, तरी क्ष-किरण या कामास किती योग्य आहेत हे त्यावरून लक्षात येते. [⟶ स्फटिकविज्ञान].

विवर्तित किरणांच्या दिशांवरून एकक कोशिकेची, म्हणजे पुनरावृत्त होणाऱ्या लहानात लहान घटकाची, मापे कळतात. सुक्रोजाचे स्फटिक एकनत समूहाचे असून त्यांच्या एकक कोशिकेच्या बाजू सु. १०.८६, ८.७० व ७.७६ अँगस्ट्रॉम आणि एक कोन सु. १०३° आहे, म्हणजे तिचे घनफळ सु. ७१५ घन अँगस्ट्रॉम होते. साखरेची घनता दर घन सेंमी.स १.५९ ग्रॅ. असल्याने एका कोशिकेत बरोबर दोन रेणू मावतात. येथपर्यंतचे काम सोपे आहे. कोशिकेच्या आत अणू कोठे आहेत हे मात्र किरणांच्या तीव्रतांवरून काढावे लागते, आणि येथे एक मूलभूत अडचण उभी राहते. प्रत्येक किरणाचा परमप्रसर तीव्रतेवरून मिळतो, परंतु त्याची कला छायाचित्रपट्टीवर किंवा गणकात नोंदली जातच नाही. कला माहीत असत्या तर सर्व तरंगांची बेरीज करून इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा लगेच काढता आला असता.

या अडचणीतून मार्ग काढण्याच्या पहिल्या प्रयत्नांत भारतीयांचा वाटा आहे. कलकत्ता येथे केदारेश्वर बॅनर्जी यांनी नॅप्थॅलीन व अँथ्रॅसीन यांच्या स्फटिकांचा अभ्यास करून, तीव्रतांमधील परस्परसंबंधांवरूनच कलांची चिन्हे काढण्याची रीत १९३३ मध्ये सुचविली. ही कल्पना पुढे हर्बर्ट हॉप्टमन व जेरोम कार्ल यांनी व्यापक केली व त्याबद्दल त्यांना १९८५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी रीत जड अणूची होय. रेणूबरोबर एखादा पुष्कळ इलेक्ट्रॉन असलेला अणू स्फटिकात असला, तर त्याचे स्थान आधी सापडते व त्यावरून इतर कलांचा अंदाज बांधता येतो. आर्नल्ड बीव्हर्स व विल्यम कॉक्रन यांनी १९४७ मध्ये सुक्रोज व सोडियम ब्रोमाइड यांच्या संयुक्त स्फटिकावर ही रीत वापरली. त्यात ब्रोमीन हा जड अणू होता. रसायनशास्त्रज्ञांनी वीस वर्षांपूर्वी परीक्षानळीत ठरविलेली वलये व जोडण्या त्यांना जशाच्या तशा आढळल्या. शुद्ध सुक्रोजाची संरचना बीव्हर्स व सहकारी यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळी संगणक सर्वत्र उपलब्ध नव्हते. हजारो ज्या व कोज्या यांच्या बेरजा बीव्हर्स व हेन्री लिप्सन यांनी १९३० नंतरच्या दशकात तयार केलेल्या, आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या मांडून हाताने करीत. जे काम आज संगणक काही मिनिटांत करतो त्याला तेव्हा महिने लागत. रेमंड लेम्यू व जी. ह्यूबर यांनी १९५३ मध्ये सुक्रोजाचे संश्लेषण केल्याने या संरचनेस रसायनशास्त्राचीही पुष्टी मिळाली.

फिशर यांनी मागे ठेवलेला प्रश्नही याच सुमारास सुटला. सामान्य विवर्तनात वस्तू व तिची आरसा प्रतिमा यांच्यात भेद करता येत नाही. परंतु क्ष-किरणांची ऊर्जा एखाद्या अणूच्या शोषण मर्यादेच्या जवळ असेल, तर त्या अणूकडून होणाऱ्या प्रकीर्णनात थोडा कलाभेद पडतो व हा भेद दोन प्रतिमांत निराळा दिसतो. डच शास्त्रज्ञ योहानेस मार्टिन बायव्हूट व सहकारी यांनी १९५१ मध्ये सोडियम रुबिडियम टार्टारेटावर झिर्कोनियमाचे क्ष-किरण वापरून हा प्रयोग केला. फिशर यांची निवड बरोबर ठरली. ती चुकीची ठरली असती, तर साठ वर्षांच्या पुस्तकांतील शर्करांची सर्व सूत्रे उलटी काढावी लागली असती.

न्यूट्रॉन विवर्तन : क्ष-किरणांचे प्रकीर्णन इलेक्ट्रॉन करतात. हायड्रोजनाजवळ एकच इलेक्ट्रॉन असतो व तोही बंधाकडे ओढला गेलेला असतो. त्यामुळे क्ष-किरणांच्या नकाशात हायड्रोजन अंधुक दिसतो आणि त्याचा बंध वास्तविकतेपेक्षा सु. ०.१ अँगस्ट्रॉम आखूड भरतो. सुक्रोजाच्या ४५ अणूंपैकी २२ हायड्रोजनाचे असल्याने ही उणीव किरकोळ नव्हे. न्यूट्रॉनांचे प्रकीर्णन अणुकेंद्रांकडून होते व त्यांना हायड्रोजन इतर अणूंइतकाच स्पष्ट दिसतो. मात्र न्यूट्रॉनांचे झोत क्षीण असतात, म्हणून स्फटिक मोठा घ्यावा लागतो. क्ष-किरणांना पोत्यातील साखरेचा दाणाही गरजेपेक्षा मोठा असतो. न्यूट्रॉनांसाठी खडीसाखरेसारखा काही मिमी. आकारमानाचा निर्दोष खडा वाढवावा लागतो. सुदैवाने साखर या बाबतीत अत्यंत आज्ञाधारक पदार्थ आहे. अमेरिकेतील ओक रिज येथे जी. एम. ब्राउन व एच. ए. लेव्ही यांनी १९६३ मध्ये सुक्रोजातील सर्व हायड्रोजनांची स्थाने निश्चित केली व १९७३ मध्ये ती अधिक अचूक केली. ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन वलयांमध्ये रेणूच्या आतच दोन हायड्रोजन बंध असून त्यांनी दोन्ही वलये एकमेकांजवळ दुमडून धरलेली आहेत, हे त्यावरून स्पष्ट झाले. रासायनिक पुराव्याला सांगता न आलेले संरूपण ते हेच.

महाराष्ट्रात तुर्भे येथील अप्सरा (१९५६) व सायरस (१९६०) या अणुभट्ट्यांभोवती पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने न्यूट्रॉन प्रकीर्णनाचे संशोधन सुरू झाले. आर. चिदंबरम् व त्यांचे सहकारी यांनी तेथे १९६० नंतरच्या व १९७० नंतरच्या दशकांत अनेक ॲमिनो अम्लांच्या व सजल लवणांच्या स्फटिकांतील हायड्रोजन बंधांची मापे घेतली. प्रथिनांच्या घड्या हायड्रोजन बंधांवरच टिकून असल्याने या मापांना स्फटिकापलीकडेही महत्त्व होते. सायरस अणुभट्टी २०१० च्या अखेरीस कायमची बंद करण्यात आली. १९८५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ध्रुव अणुभट्टीवर हे काम पुढे चालू राहिले.

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन : स्फटिकातील रेणू शेजाऱ्यांच्या दाटीत बसलेला असतो. चहाच्या पेल्यात, उसाच्या रसात किंवा जिभेवर तो तसाच असेल असे गृहीत धरता येत नाही. विद्रावातील रेणूचा आकार समजण्यास मुख्यतः ही पद्धत उपयोगी पडते. प्रबल चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनाचे अणुकेंद्र विशिष्ट कंप्रतेच्या रेडिओ तरंगांचे शोषण करते. ही कंप्रता अणुकेंद्राभोवतीच्या इलेक्ट्रॉनांमुळे किंचित बदलते, म्हणून एकाच रेणूतील निरनिराळ्या जागचे हायड्रोजन वेगवेगळे ओळखता येतात. याचे प्रसिद्ध प्रात्यक्षिक स्टॅनफर्ड विद्यापीठात जे. टी. आर्नल्ड, एस. एस. धर्मट्टी व एम. ई. पॅकार्ड यांनी १९५१ मध्ये दिले. साध्या एथिल अल्कोहॉलाच्या वर्णपटात त्यांना ३ : २ : १ या प्रमाणात तीन शिखरे मिळाली, म्हणजे मिथिल गटाचे तीन, मिथिलीन गटाचे दोन व हायड्रॉक्सिल गटाचा एक असे हायड्रोजन जणू मोजून दाखविले गेले. मळीपासून साखर कारखान्यांच्या आसवन्यांत तयार होते ते हेच अल्कोहॉल. धर्मट्टी यांनी भारतात परतल्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा पाया घातला व १९८० नंतरच्या दशकात तेथेच उच्च चुंबकीय क्षेत्राच्या उपकरणांचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले.

संरूपणाची माहिती शिखरांच्या विभाजनावरून मिळते. शेजारच्या कार्बनांवरील दोन हायड्रोजनांची अणुकेंद्रे एकमेकांवर परिणाम करतात व या परिणामाचे मान त्यांच्या बंधांमधील पिळाच्या कोनावर अवलंबून असते. मार्टिन कारप्लस यांनी १९५९ मध्ये हा संबंध सूत्रबद्ध केला. सहा अणूंच्या शर्करा वलयात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन अक्षीय हायड्रोजनांसाठी हे मान ७ ते १० हर्ट्‌झ, तर तिरप्या मांडणीत २ ते ४ हर्ट्‌झ असते. सुक्रोजातील ग्लुकोजाच्या पहिल्या कार्बनावरील हायड्रोजनासाठी ते सु. ३.८ हर्ट्‌झ भरते. त्यावरून तेथील जोडणी आल्फा प्रकारची आहे, हे फोडाफोड न करता काही मिनिटांत कळते. फार जवळ, म्हणजे सु. ५ अँगस्ट्रॉमांच्या आत असलेल्या अणुकेंद्रांमध्ये आणखी एक परिणाम दिसतो. तो अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने साखळीतील दूरचे पण दुमडून जवळ आलेले भाग त्यावरून ओळखता येतात. या मापांवरून असे दिसते की, पाण्यात सुक्रोजाची वलये आपापले आकार कायम ठेवतात, परंतु त्यांच्यामधील जोडणी काहीशी लवचिक होते. स्फटिकातील दोन अंतर्गत हायड्रोजन बंध पाण्यात सतत टिकून राहत नाहीत, कारण पाण्याचे रेणू त्यांच्या जागी येतात. स्फटिकातील संरूपण खरे की विद्रावातील, हा प्रश्नच चुकीचा आहे. परिस्थिती निराळी, म्हणून संरूपण निराळे.

वायुरूप रेणूंसाठी इलेक्ट्रॉन विवर्तन व सूक्ष्मतरंग वर्णपटविज्ञान या पद्धती अत्यंत अचूक आहेत. तापविल्यास साखर बाष्प न होता करपते, म्हणून त्या तिला थेट उपयोगी पडल्या नाहीत. तरीही शर्करा वलयाचा आकार समजण्याचे श्रेय त्यांना द्यावे लागते. नॉर्वेतील ऑड हासेल यांनी सायक्लोहेक्झेनाच्या बाष्पावरून इलेक्ट्रॉन विवर्तनाने दाखवून दिले की, सहा अणूंचे वलय सपाट नसून खुर्चीसारखे मुडपलेले असते. डेरेक बार्टन यांनी १९५० मध्ये अशा संरूपणांचा रासायनिक विक्रियांशी संबंध जोडला; या दोघांना १९६९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बीटा ग्लुकोजाच्या खुर्चीत सर्व मोठे गट वलयाच्या कडेने बाहेर पसरलेले असतात व कोणीही कोणास अडवीत नाही.

दीर्घ साखळ्या : माढ्याच्या शेतातील ज्वारीच्या एकाच ताटात ग्लुकोजाच्या दोन साखळ्या तयार होतात. दाण्यातील स्टार्चात ग्लुकोजाचे रेणू आल्फा जोडणीने जोडलेले असतात, तर कडब्यातील सेल्युलोजात बीटा जोडणीने. घटक एकच व अणूंचा क्रमही जवळजवळ तोच, परंतु आल्फा जोडणीमुळे साखळी मळसूत्रासारखी वळते व बीटा जोडणीमुळे ती सरळ फितीसारखी राहते. सरळ फिती एकमेकींना चिकटून बसल्याने सेल्युलोज बळकट व अविद्राव्य होते. माणसाच्या शरीरात बीटा जोडणी तोडणारे एंझाइम नसल्याने भाकरी माणसाची आणि कडबा बैलाचा अशी विभागणी झालेली आहे. बैलाचे कामही त्याच्या पोटातील सूक्ष्मजीव करतात. या साखळ्यांचे मोठे स्फटिक मिळत नाहीत. त्यांचे तंतू ताणून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांत फक्त पुनरावृत्तीचे अंतर व वळणांची संख्या कळते. उदा., सेल्युलोजात दर दोन ग्लुकोज घटकांमागे सु. १०.३ अँगस्ट्रॉमांवर पुनरावृत्ती होते. बाकीचा आकार प्रतिकृती रचून ठरवावा लागतो.

अशा प्रतिकृतींना मद्रास येथील जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन् यांनी १९६३ मध्ये एक भक्कम आधार दिला. प्रथिन साखळीतील प्रत्येक घटकात फिरू शकणारे बंध दोनच असतात. त्या दोन कोनांच्या कोणत्या जोड्यांत अणू एकमेकांवर आदळत नाहीत, याचा त्यांनी नकाशा काढला. त्याचा बराच मोठा भाग रिकामाच राहतो. हीच रीत व्ही. एस. आर. राव व इतरांनी शर्करा साखळ्यांना लावली. आजही प्रथिनाची नवी संरचना प्रसिद्ध करण्यापूर्वी ती रामचंद्रन नकाशावर तपासून पाहण्याचा प्रघात आहे व नकाशाबाहेर पडलेल्या घटकाविषयी संशोधकाला खुलासा करावा लागतो. [⟶ प्रथिने].

प्रथिनांच्या संरचना १९६० च्या सुमारास मायोग्लोबिनापासून क्ष-किरणांनी उलगडू लागल्या. अलीकडे विद्राव अतिशीत तापमानास झटकन गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या हजारो अंधुक प्रतिमांची सरासरी काढण्याची पद्धत (नोबेल पारितोषिक २०१७) आणि ज्ञात संरचनांच्या आधारे संगणकाने भाकीत करण्याची पद्धत (नोबेल पारितोषिक २०२४) यांची त्यात भर पडली आहे. भाकीत हे भाकीतच असते. ज्या प्रथिनांसारखी प्रथिने पूर्वी प्रयोगाने पाहिली गेली आहेत त्यांच्याबाबत ते उत्तम ठरते, तर साखळीच्या सैल, सतत हलणाऱ्या भागांबाबत ते फारसे विश्वसनीय नसते. प्रथिनांना जोडलेल्या लहान शर्करा साखळ्यांच्या बाबतीत अडचण अधिकच आहे. त्या इतक्या लवचिक असतात की, प्रथिनाचा स्फटिक उत्तम असूनही इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात त्यांच्या जागी पहिल्या एकदोन घटकांनंतर बहुधा धूसर डागच उरतो, व त्यांच्यासाठी पुन्हा विद्रावातील चुंबकीय अनुस्पंदनाकडेच वळावे लागते.